साइटची भाषा कोणी ठरवायची? आपण की आपल्या आयपी पत्त्याने?

करवीरकन्या (धागालेखिका)
नमस्कार मंडळी. शाहूपुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र आहे. तिकिटं, विमा, परीक्षा, शेतीच्या योजना, सगळंच चालतं. येणारी निम्मी माणसं पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडची. केंद्रातल्या दोन्ही संगणकांवर ब्राउझरमध्ये मराठी पहिली आणि इंग्रजी दुसरी लावून ठेवली आहे. तरी बऱ्याच खासगी साइट्स उघडल्या की थेट हिंदीत येतात. न विचारता.

भाषा बदलायची सोय असते, पण कुठे? पानाच्या पार तळाशी, कुकीच्या पट्टीमागे एक पृथ्वीचा गोल असतो. तो दाबला की देशांची यादी येते, तीही इंग्रजीत. 'इंडिया' निवडलं की पुढे इंग्रजी आणि हिंदी, संपलं. ज्या साइटवर मराठी आहे तिथे ती निवडून फॉर्म भरत गेलं तर पैसे भरायच्या पानावर पुन्हा हिंदी. म्हणजे नेमक्या ज्या पानावर माणसाला स्वतः वाचून खात्री करायची असते, तिथेच.

समोर बसलेल्या शेतकऱ्याला मी वाचून दाखवते, प्रश्न तो नाही. खाली संमतीची खूण त्याच्या नावाने होते, पैसे त्याच्या खात्यातून जातात. मी सांगते म्हणून त्याने मान का डोलवावी? त्याला मराठी वाचता येतं. त्याने स्वतः वाचलं पाहिजे.

माझं म्हणणं सरळ आहे. मी कुठे आहे आणि मला काय वाचायचंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र का बांधतात? आणि आपल्या बाजूने काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

पंचगंगाकाठ
+१. लई दिवसांनी कामाचा धागा आला.

जुना_सर्व्हर
ताई, यातली खंत अशी की तुमची पसंती साइटपर्यंत पोचलेली असते. ब्राउझर प्रत्येक पान मागताना सोबत एक ओळ पाठवतो. 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' म्हणतात तिला. तुमच्या संगणकावरून ती साधारण अशी जात असणार: आधी मराठी, मग इंग्रजी, आणि प्रत्येकीपुढे ० ते १ मधला पसंतीचा आकडा. ही काही कालची सोय नाही. १९९७ साली एचटीटीपी १.१ चं (ब्राउझर आणि साइट ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांचं) पहिलं प्रमाण आलं, त्यातच ती लिहिलेली आहे.

बऱ्याच साइट्स ती ओळ बघतच नाहीत. त्या आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक बघतात, तो कुठला हे एका तयार यादीत शोधतात, 'भारत' असं उत्तर आलं की हिंदी लावून मोकळ्या होतात. अशा यादीतून देश बहुतेक वेळा बरोबर निघतो, शहराची मात्र खात्री नाही. कोल्हापुरात मोबाइल डेटावर बसलात तर तुमचा आयपी बरेचदा पुण्याचा नाहीतर मुंबईचा दिसतो, कारण कंपनीचं इंटरनेटला जोडणारं दार तिथे असतं.

कागलकर
पुणे-मुंबई तरी महाराष्ट्रात हाय. आमच्याकडं काय होतंय सांगतो. घर कागलात, पण शेताकडं गेलो की फोन कवा कवा पलीकडचा टॉवर पकडतो. मग ठिकाण कर्नाटक, आणि एक-दोन ॲप डायरेक्ट कन्नडात. पोरगीचं अभ्यासाचं ॲप तर आठवडाभर कन्नडातच अडकून बसलेलं. त्या निमित्तानं ती कन्नड आकडे शिकली, ते झ्याक झालं. पण आठवीच्या गणिताचा धडा तिला मराठीतच पायजे होता न्हवं?

सडेतोड
धागालेखिकेचा त्रास समजला, पण थोडं वेगळं मत मांडतो. हिंदी येते की आपल्याकडे सगळ्यांना. कंपनीने बावीस भाषांत साइट करायची म्हणजे खर्च किती? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. सगळ्यांनी मागितल्या तर छोट्या कंपनीने काय करावं?

करवीरकन्या
@सडेतोड, छोट्या कंपनीकडे मी बावीस भाषा मागितलेल्या नाहीत. जिच्याकडे मराठी नाही तिने इंग्रजी दाखवावी, ती माझ्या यादीत दुसरी आहे. यादीत नसलेली तिसरी भाषा का यावी? आणि जिच्याकडे मराठी तयार आहे तिने ती तळघरात का ठेवावी? यात खर्चाचा प्रश्न येतोच कुठे?

हिंदी सगळ्यांना येते हेही तितकंसं खरं नाही. बोललेली कळते. विम्याच्या अटी हिंदीत वाचून समजणं वेगळं. माझ्या खुर्चीवर एक दिवस बसून बघा.

आकडेमोड
सडेतोड यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर एवढंच: २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. नोटेवर एवढ्याशा पट्टीत पंधरा भाषा बसतात, तशा मेनूतही बसतील.

ब्रसेल्सचा_राजारामपुरीकर
इकडचं सांगतो, म्हणजे हे फक्त आपलंच दुखणं नाही हे कळेल. बेल्जियमच्या अधिकृत भाषा तीन: डच, फ्रेंच, जर्मन. ब्रसेल्स शहर फ्रेंच आणि डच असं दुभाषी. इथल्या अनेक दुकानांच्या, बँकांच्या साइट्स पहिल्याच पानावर दोन-तीन मोठी बटणं देतात आणि विचारतात, कुठल्या भाषेत? एकदा दाबलं की विषय संपला. कोणी कोणाची भाषा आयपीवरून ओळखायला जात नाही, कारण एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर फ्रेंच आणि खालच्या मजल्यावर डच राहतात हे त्यांना माहीत आहे.

वैताग येतो तो बाहेरच्या मोठ्या साइट्सचा. माझा ब्राउझर इंग्रजी, मग मराठी. साइट येते डचमध्ये. ऑफिसच्या कामाला लक्झेंबर्गला गेलो की तीच साइट जर्मन किंवा फ्रेंच. माणूस तोच, लॅपटॉप तोच, खातंही तेच.

खरेदीबाबत इथे कायदा आहे. युरोपीय संघाचा २०१८/३०२ क्रमांकाचा नियम, ३ डिसेंबर २०१८ पासून लागू. ग्राहकाच्या देशावरून त्याला परस्पर दुसऱ्या देशाच्या आवृत्तीकडे ढकलायचं नाही, आधी त्याची स्पष्ट संमती घ्यायची. आणि त्याने संमती दिली तरी मूळ आवृत्तीवर परत जायची वाट उघडी ठेवायची. हा नियम देशांच्या आवृत्त्यांबद्दल आहे, भाषेच्या निवडीसाठी वेगळा लिहिलेला नाही. पण 'आधी विचारा' हे तत्त्व कायद्यात येऊ शकतं, एवढं नक्की.

पायताणवाला
ब्रसेल्सकर, विषय काढलाच आहे तर धंद्याच्या बाजूने सांगतो. आम्ही कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकतो. भाषेएवढाच त्रास प्रदेशाच्या सेटिंगचा. गिऱ्हाईक न्यू जर्सीत, मूळचा गडहिंग्लजचा. त्याला दिवाळीला वडलांसाठी जोड पाठवायचाय, पत्ता गडहिंग्लजचाच. ज्या बाजारसाइटवर आम्ही माल ठेवतो ती त्याचा आयपी बघून त्याला डॉलर दाखवते, आणि वर सांगते की हा माल तुमच्या भागात पोचत नाही. अहो, त्याच्या भागात पोचवायचाच नाही, गडहिंग्लजला पोचवायचाय! इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर.

दुसरं, मापं. आमच्याकडे ८ नंबर म्हणजे ब्रिटिश ८. अमेरिकेत पुरुषांच्या मापात तोच साधारण ९ होतो आणि युरोपात ४२. साइटने गिऱ्हाईक कुठे बसलाय ते बघून मापांचा तक्ता परस्पर बदलला की माणूस अमेरिकन ८ समजून ८ मागवतो. जोड येतो मोठा. परत पाठवायचा खर्च आमच्या बोकांडी. हाताने शिवलेला जोड परत येतो तेव्हा कारागिराला काय वाटत असेल? तक्ता बदलू नका, तिन्ही मापं शेजारी शेजारी छापा.

विकसक_टेंबलाईवाडी
मी साइट्स बनवतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझं काम आहे. आयपी बघणं पूर्ण टाळता येत नाही. कर, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क, एखादी वस्तू कुठल्या देशात विकायला परवानगी आहे, यासाठी देश कळावाच लागतो. हक्क भारतापुरते असतील तर बाहेरच्याला सामना दाखवता येत नाही.

दुसरं कारण वेगाचं. साइटची तयार पानं जगभरच्या सर्व्हरवर साठवून ठेवतात, म्हणजे पटकन उघडतात. ॲक्सेप्ट-लँग्वेजप्रमाणे पान बदलायचं तर त्या ओळीच्या शेकडो तऱ्हा येतात आणि साठवण विस्कटते. देशावरून ठरवायला सोपं पडतं. म्हणून टीम सोपी वाट धरते. द्वेष वगैरे काही नसतो.

जुना_सर्व्हर
@विकसक, कर आणि हक्क यांसाठी आयपी बघा, कोण नको म्हणतंय? ताईंचा मुद्दा तोच आहे. देश कळला म्हणजे भाषा कळली असं नव्हे.

साठवणीचं कारण अर्धवट आहे. त्या शेकडो तऱ्हांतून वाचकाजवळच्या त्या साठवणीच्या सर्व्हरवरच आपल्याकडच्या चार-पाच भाषांपैकी एक निवडायची आणि तेवढ्याच प्रती साठवायच्या. याहून सोपं म्हणजे प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर गूगलसुद्धा साइटवाल्यांना हेच सांगतं की ओळखलेल्या भाषेवरून वाचकाला आपोआप दुसरीकडे वळवू नका, वेगवेगळे पत्ते ठेवा आणि त्यांची जोडणी पानात लिहा. त्यांचा शोधयंत्रासाठी पानं गोळा करणारा बॉट ॲक्सेप्ट-लँग्वेजची ओळ पाठवत नाही आणि बहुतेकदा अमेरिकेतून येतो. तुमची मराठी पानं आपोआप वळवण्यामागे दडली असतील तर ती शोधात सापडणार कशी?

आयपीच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होतं याचं अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. आयपीचा देश कळला पण नेमकी जागा कळली नाही, तर एक कंपनी देशाच्या मध्याजवळचा बिंदू द्यायची. तो बिंदू पडला कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर. कोट्यवधी पत्ते त्या एका घरावर! चोरी, फसवणूक, हरवलेली माणसं, सगळ्याचा तपास करत पोलीस आणि वैतागलेले लोक वर्षानुवर्षं त्या शेतावर यायचे. २०१६ मध्ये बातमी झाली तेव्हा शेतावर राहणाऱ्यांना कारण कळलं. इथे निदान चुकीची भाषाच येते.

कुंदाप्रेमी_बेळगाव
कागलकरांचं वाचलं. आमच्याकडे हे रोजचंच. निपाणी काय, बेळगाव काय, घरात मराठी, आयपी कर्नाटकचा, साइट राज्य बघते आणि कन्नड लावते. मला कन्नड येतं, आवडतंही, पण आईला मराठीच वाचता येतं. उलटही बघा. इचलकरंजीत कन्नड बोलणारी कितीतरी घरं आहेत. उद्या सगळ्या साइट्सनी 'महाराष्ट्र म्हणजे मराठी' असं आपोआप लावलं तर त्या घरांतल्या आजीचं काय? म्हणून राज्य बघून मराठी लावा ही मागणी मला पटत नाही. विचारा, नाहीतर ब्राउझरचं ऐका.

पंचगंगाकाठ
कुंदाप्रेमींना शंभर टक्के अनुमोदन. बाकी बेळगावचा विषय निघालाच आहे तर १९५६ पासून...

संपादक
सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, ती चर्चा तिकडे करावी ही विनंती. इथे साइट्सची भाषा आणि प्रदेश एवढंच.

अक्षरवेडी
एक बाजू अजून कोणी मांडली नाही. साइटवर मराठी मजकूर असतो, पण पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून हिंदीचा नाहीतर इंग्रजीचा संकेत लिहिलेला असतो. त्याने काय होतं? ल आणि श बघा. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, श गाठीचा. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) सांगितली तरच मराठी वळण पुढे येतं. पहिलीतलं पोर पाटीवर एक ल गिरवतं आणि पडद्यावर दुसरा बघतं. आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवणारा आवाजही याच संकेतावरून भाषा निवडतो. मराठी मजकूर हिंदी उच्चारात ऐकायचा म्हणजे शिक्षाच.

आकड्यांचंही तसंच. जगभरची सॉफ्टवेअरं 'सीएलडीआर' नावाच्या माहितीसाठ्यावरून तारखा आणि आकडे लिहितात. त्यात मराठीसाठी मूळ आकडे देवनागरी धरलेत आणि हिंदीसाठी इंग्रजी वळणाचे. म्हणजे साइटने मराठी नीट लावली तर १,२५,००० असं आपोआप दिसतं. मला ते फार आवडतं. कोणाला इंग्रजी आकडेच हवे असतील तर तीही सोय त्याच साठ्यात आहे, फक्त साइटने ती वापरकर्त्याच्या हातात द्यायला हवी.

करवीरकन्या
@अक्षरवेडी, आकड्यांवरून आठवलं. मराठी कीबोर्ड चालू असताना पिनकोड ४१६००१ टाकला की फॉर्म लाल होतो, 'वैध क्रमांक टाका'. पान मराठीत दाखवतात आणि मराठी आकडे घेत नाहीत!

विकसक_टेंबलाईवाडी
ताई, त्याचं कारण सांगतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'आकडा आहे का' हे तपासायची जी नेहमीची खूण आहे ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. सर्व्हरवर वापरतात त्या पायथनमध्ये तीच खूण देवनागरी आकडेही ओळखते, आणि ४१६००१ असा मजकूर दिला तर त्याची सरळ संख्या होते. म्हणजे सर्व्हरला चाललं असतं ते ब्राउझरमध्येच अडतं. तपासायच्या आधी दहा आकडे बदलून घ्यायचे, दोन ओळींचं काम. हे मात्र आम्हा विकसकांनी करायलाच पाहिजे.

ताळेबंद
इंग्रजी वापरणाऱ्यांनाही एक सांगणं. बरेच लॅपटॉप 'इंग्रजी (अमेरिका)' लावून येतात. आपण इंग्रजीच आहे म्हणून सोडून देतो. मग हवामान फॅरेनहाइटमध्ये, तारीख महिना आधी आणि दिवस नंतर, आणि सव्वा लाखाला स्वल्पविराम हजाराच्या हिशोबात. माझ्याकडे मार्केट यार्डातल्या गूळ व्यापाऱ्यांची खाती असतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, यावरून आर्थिक वर्ष बदलतं! सेटिंगमध्ये 'इंग्रजी (भारत)' करून टाका, निम्मी कटकट तिथेच जाते.

शुभ्रा_म
मी थोडी वेगळी बाजू घेते. मला साइट्स इंग्रजीतच हव्या असतात. मराठी आवृत्त्या अनेकदा यंत्राने केलेल्या असतात, बटणात मजकूर मावत नाही, अर्ध पान मराठी आणि अर्ध इंग्रजी. एका ॲपने माझं आडनाव बघूनच बहुतेक मराठी लावली. मराठीवर माझं प्रेम आहे, पण बँकेचं काम मला इंग्रजीत जमतं. तेव्हा 'मराठी लावा' अशी मोहीम असेल तर मी त्यात नाही.

करवीरकन्या
@शुभ्रा, मग तू माझ्याच बाजूची आहेस गं. तुला इंग्रजी मिळावी, कुंदाप्रेमींच्या आईला मराठी, इचलकरंजीच्या आजीला कन्नड. ज्याने त्याने सांगावं आणि साइटने ते लक्षात ठेवावं, पैसे भरायच्या पानापर्यंत. मराठी आवृत्ती चांगली हवी हेही खरं. पण ती वापरूच दिली नाही तर सुधारणार कशी?

आता मूळ प्रश्नावर येऊ. केंद्रावर उद्यापासून मी काय करू?

जुना_सर्व्हर
ब्राउझरमधली यादी तुम्ही लावलीच आहे, तिच्यातून हिंदी काढलेली आहे ना हे बघा. 'भाषांतर करू का' अशी पट्टी येते तिथे आपोआप भाषांतर बंद ठेवा, नाहीतर साइटचा दोष कुठला आणि ब्राउझरचा कुठला हे कळत नाही. साइटला ठिकाणाची परवानगी गरज असेल तरच द्या. गिऱ्हाईक बदललं की कुकी पुसत असाल (आणि ते पुसणं योग्यच आहे), तर साइटवर निवडलेली भाषाही पुसली जाते. म्हणून नेहमीच्या साइट्सचा मराठी पानाचाच पत्ता खूण करून ठेवा. अनेक ठिकाणी पत्त्यातच 'एमआर' असतं, तिथे हे चालतं.

लोकांच्या फोनसाठी: अँड्रॉइड १३ पासून सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, ॲपने सोय दिली असेल तर. आयफोनवर हे आयओएस १३ पासून आहे. कागलकर, पोरीच्या ॲपला हे करून बघा.

कागलकर
केलं. मराठी झालं. टॉवर पलीकडचा असला तरी मराठीच ऱ्हातंय. लई उपकार.

विकसक_टेंबलाईवाडी
धागा ऑफिसात दाखवला. आमच्या हातात सध्या एका पतसंस्थेची साइट आहे. तिच्यात भाषेची निवड वरच्या पट्टीत घेतोय, गोल नाही आणि झेंडाही नाही, 'मराठी', 'ಕನ್ನಡ', 'English' अशी त्या-त्या लिपीत नावं. झेंडा आधीच नाकारला, मराठीला कुठल्या देशाचा झेंडा लावणार? निवड खात्यात साठवायची, म्हणजे पैशांच्या पानावरही तीच भाषा राहील. पैसे घेणारी कंपनी बाहेरची आहे, तिच्याकडे भाषेचा संकेत पाठवता येतो का ते तपासतोय. त्यांनी तो घेतला नाही तर निदान संमतीचा मजकूर आमच्या पानावर मराठीत दाखवून मगच पुढे पाठवू.

पायताणवाला
पतसंस्थेचं झालं की आमच्या साइटचं बघा. मापं तिन्ही पायजेत, आणि पत्ता भारताचा असेल तर गिऱ्हाईक कुठंही बसलेलं असू दे, रुपयात दर.

विकसक_टेंबलाईवाडी
@पायताणवाला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. बाजारसाइटवरचं आमच्या हातात नाही, पण तुमच्या स्वतःच्या साइटवर पोचवायच्या पत्त्यावरून चलन ठरवणं सहज जमेल.

करवीरकन्या
जुना_सर्व्हर, सांगितलेलं सगळं दोन्ही संगणकांवर केलं. पत्त्यांच्या खुणा करून ठेवल्या. एक विमा साइट अजूनही पैशांच्या पानावर हिंदीत जाते. त्यांच्या तक्रार विभागाला पानाच्या चित्रासह लिहिते आहे. मजकूर इथे टाकते, काही राहिलं असेल तर सांगा:

'आमच्या ब्राउझरमध्ये मराठी ही पहिली पसंती आहे. आपल्या साइटवर मराठी उपलब्ध आहे आणि आम्ही ती निवडलेली आहे. तरीही देयकाच्या व संमतीच्या पानावर भाषा बदलते. ग्राहकाने ज्या भाषेत अर्ज वाचला त्याच भाषेत संमती घेतली जावी.'

अक्षरवेडी
पानाच्या कोडमध्ये भाषेचा संकेत 'एमआर' ठेवावा, हेही एक वाक्य घाला.

कुंदाप्रेमी_बेळगाव
छान लिहिलंय. 'मराठी'च्या जागी 'कन्नड' घालून मी इचलकरंजीच्या मावशींना देतो, त्यांनाही पाठवायचंय.